बटाट्याला कशाला दोष? मीठ-तेलाचा हिशेब बघा!

वाचकहो, तालुक्याच्या बाजाराला गेलात की एसटी स्टँडाबाहेर वडापावच्या शेजारी आता फ्रेंच फ्राइजचीही गाडी दिसते. बटाट्याच्या लांब फोडी कढईतून काढल्या की वरून मीठ भुरभुरायचे आणि कागदात बांधून द्यायचे. पोरे हट्ट धरतात, आपणही घेऊन देतो.

गंमत अशी, की वजन वाढले म्हणून घरची बटाट्याची भाजी बंद करणारी माणसे हे मात्र खातात! शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ कॅलरी, चरबी जवळपास नाहीच. तोच तळला की आतले पाणी उडते, तेल शिरते. मग शंभर ग्रॅमला ३०० च्या वर कॅलरी आणि साधारण १५ ग्रॅम चरबी.

आता मीठ. बटाट्यातले पोटॅशियम रक्तदाबाला चांगले. वरच्या मिठातले सोडियम नेमके उलटे. ते अंगात पाणी धरून ठेवते, दाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा! त्यात आमटी, लोणचे, पापड, ठेचा सगळे आले. मुलांना तर याहून कमी लागते. आणि हा दाब दुखत नाही, खुपत नाही. तिशी ओलांडली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्याच.

बटाटा पिकवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीने पिठाची साखर होते. तो तळला की लवकर काळपट पडतो. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवले, की पिठूळ पदार्थ कडक तळला-भाजला की ॲक्रिलामाइड तयार होते. प्राण्यांत त्याने कर्करोग झाला; माणसांत तसे अजून सिद्ध नाही. पण रंग जितका गडद तितके ते जास्त, एवढे खरे. तेव्हा करपलेल्या फोडी बाजूला काढा. गाडीवरचे तेल काळे, फेसाळ दिसले, धूर येत असला, तर सरळ पुढे चला.

घरी करायचे तर बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. फोडी अर्धा तास पाण्यात भिजवा, कोरड्या पुसा, पिवळसर झाल्या की काढा. गाडीवर घेताना मीठ वेगळे पुडीत मागा. गाडीवाला देतो.