ज्याची जमीन, त्याचेच अनुदान!

सरकार शेतकऱ्याला मदत करते, असे आपण नेहमी ऐकतो. पण शेतकरी म्हणायचे कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, की उन्हातान्हात राबणाऱ्याला? अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. तिथला इतिहास आपल्या बांधवांनी जरूर समजून घ्यावा.

हा कापसाचा मुलूख. मालक गोरे, राबणारे काळे. १९३३ साली भाव कोसळलेले असताना रूझवेल्ट सरकारने कापसाचा पेरा कमी करणाऱ्याला रोख पैसे देण्याचा कायदा केला. त्यात बटाईदाराचाही वाटा होता. पण पैसा मालकाच्या हाती पडे. अनेक मालकांनी बटाईदाराचा वाटा दाबला, वर पेरा घटला म्हणून त्यालाच हाकलून दिले! दाद मागायची तर काउंटीच्या समितीवर वजन त्याच जमीनदारांचे. पाटलाविरुद्धची तक्रार पाटलाच्याच वाड्यावर नेण्यासारखे ते होते.

याच काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलँड याचा सुमारे ५८०० एकरांचा मळा होता. हा काळ्यांच्या नागरी हक्कांचा हाडवैरी आणि सिनेटच्या शेती समितीचा सदस्य. १९६७ साली त्याच्या मळ्याला १ लाख डॉलरहून अधिक सरकारी अनुदान मिळाले. त्याच सुमारास त्या भागात कापसाच्या शेतात दहा तास खपणाऱ्या काळ्या मजुराची रोजी ३ डॉलर होती. तीही यंत्रे आल्यामुळे मिळेनाशी झाली. पेरा कमी केल्याबद्दल मालकाला भरपाई होती. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र कोणत्याच कायद्यात नव्हती. पुढे १९७० साली एका पिकामागे ५५ हजार डॉलरची मर्यादा आली, तर बड्यांनी कागदोपत्री जमीन नातेवाइकांत वाटली. आपल्याकडे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याच्या वेळी काय झाले, ते वाचकांना सांगायला नको.

आता फॅनी लू हेमर या मातेविषयी. आईबापांचे विसावे अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या. १९६२ साली मतदार यादीत नाव घालायला गेल्या, म्हणून ज्या मळ्यावर अठरा वर्षे काम केले तिथून त्यांना त्याच दिवशी काढून टाकले. दुसरी बाई खचली असती. हेमरबाईंनी १९६९ साली देणग्यांतून ४० एकर जमीन घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभारली. पुढे ती ६०० एकरांवर गेली. भाजीपाला राबणाऱ्यांच्या घरी जाई. शिवाय ‘डुकरांची बँक’ होती : गरजू कुटुंबाला गाभण डुकरीण मिळे, पुढे त्या कुटुंबाने दोन माद्या बँकेला परत द्यायच्या, म्हणजे त्या दुसऱ्या घरी जात. सरकारी अनुदान एकराच्या हिशेबाने, आणि हे वाटप घरातल्या भुकेच्या हिशेबाने!

शेतजमीन सरकारच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर कोणीच उरणार नाही, अशी मांडणी बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली होती. हेमरबाईंच्या पाठीशी सरकार नव्हते. हवामानाचे तडाखे, कर्जाचे हप्ते आणि कर यांनी १९७६ च्या सुमारास ती शेती मोडली. दुसऱ्याच वर्षी बाई गेल्या.

अमेरिकन शेती खात्याने काळ्या शेतकऱ्यांना कर्जे आणि मदत देताना केलेल्या भेदभावाविरुद्धच्या खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि भरपाई सुरू झाली. पण भरपाई शेती करणाऱ्याला किंवा करू पाहणाऱ्याला. दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्याचा त्यात संबंध नव्हता.

आपल्याकडे २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६००० रुपये मिळतात, तेही ज्यांच्या नावे शेतजमीन आहे त्याच कुटुंबांना. गायरान कसणारा आपला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरतो. सातबारा नावावर नाही, म्हणून त्या यादीत तो नाही.