तुरीवरचं आकाश

दिवाळीच्या सुमारास गंगाखेड तालुक्यात तूर फुलावर येते. राणीसावरगावच्या शिवारात या दिवसांत फिरलं तर तूर डोक्याच्या वर गेलेली असते, फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि नेमकी त्याच वेळी शेंगा पोखरणारी अळी हजर होते. पाठीवर पंप घेऊन अशा तुरीत शिरलं की औषध पिकावर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर, हातावर, छातीवर जास्त बसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तो हंगाम ज्यांना आठवतो, त्यांना फवारणीचा ड्रोन म्हणजे हौसेची चीज वाटत नाही. पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जाणारं, दहा लिटरची टाकी वाहणारं हे यंत्र दहाएक मिनिटांत एक एकर उरकतं, आणि माणूस बांधावरच उभा राहतो.

कायद्याच्या नजरेत बांधावर रिमोट घेऊन उभा असलेला तो मुलगा किंवा बचत गटातली ती ताई वैमानिकच आहे. भरलेल्या टाकीसह पंचवीस किलोच्या आतलं हे यंत्र ‘स्मॉल’ वर्गात मोडतं. ते चालवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. यंत्राला नोंदणी क्रमांक हवा, तृतीय पक्षाचा विमा हवा. आणि ज्या आकाशात ते उडणार, त्या आकाशाचे नियम पायलटला ठाऊक हवेत. आपल्याकडे या विषयाची चर्चा अनुदानाच्या रकमेपाशी आणि बॅटरीच्या किमतीपाशी संपते. आकाशाच्या हद्दींबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि ती उणीव भरून काढायला हवी म्हणून हा लेख.

विमानतळाभोवतीचं आकाश ‘नियंत्रित’ असतं म्हणजे काय, हे समजायला मुंबईच्या जुहूपर्यंत जावं लागेल. १९२८ साली तिथे विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबही उभा राहिला. जे. आर. डी. टाटा तिथेच विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन त्यांचं छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूलाच उतरलं. त्या काळी हौशी वैमानिकासाठी मुंबईवरचं आकाश जवळपास मोकळं होतं.

मग शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ वाढला. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, आणि मधलं अंतर जेमतेम काही किलोमीटर. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जातीचं जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सच्या विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. जगभर असेच अनुभव जमा होत गेले आणि त्यातूनच नियंत्रित हवाई क्षेत्राचा पसारा वाढला. आकाशाचे ‘ए’ ते ‘जी’ असे आंतरराष्ट्रीय वर्ग पडले. नियंत्रित वर्गात टॉवरची परवानगी घेतल्याशिवाय शिरायचं नाही, रेडिओवर सतत संपर्कात राहायचं, सांगतील ती उंची धरायची.

मोठ्या विमान कंपनीला यात फारसं अडत नाही. तिचं प्रत्येक उड्डाण टॉवरच्या देखरेखीतच असतं. अडतं ते छोट्या विमानाच्या वैमानिकाला. खाजगी परवान्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण करावं लागतं, आणि ते तास भरायला मोकळं आकाश लागतं. मुंबईवर प्रवासी विमानांची रांग वाढत गेली तशी शिकाऊ विमानांना उडायला वेळच उरेना. अखेर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. टाटा ज्या आकाशात शिकले तिथे आज नवशिक्याला जागा नाही. यात कोणाचा अन्याय मला दिसत नाही. मोठ्या विमानातल्या दीडशे-दोनशे जिवांची काळजी आधी घ्यायलाच हवी. पण विमानतळाभोवतीची रेघ हलली की तिचा भार सगळ्यात आधी लहान उडणाऱ्यावर पडतो, हे जुहूच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. मराठवाड्यात आज तो लहान उडणारा म्हणजे ड्रोन पायलट.

आता आपल्या भागाकडे येऊ. राणीसावरगावच्या ईशान्येला नांदेडचा विमानतळ, नैऋत्येला लातूरचा. ड्रोनच्या आधीच्या नियमांत विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंतचा टापू पिवळा होता, म्हणजे तिथे उडवायचं तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्या. नकाशावर ४५ किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. नांदेडच्या वर्तुळात लोहा येतं, परभणी जिल्ह्यातलं पूर्णा येतं. लातूरच्या वर्तुळात थेट अंबाजोगाई येतं. राणीसावरगाव दोन्हींच्या बाहेर राहतं. पण फवारणीचा धंदा एका गावावर चालत नाही. ज्याच्याकडे ड्रोन आहे तो हंगामात पालम, लोहा, अहमदपूर असा फिरतो. एका तालुक्यात मोकळीक आणि शेजारच्या तालुक्यात परवानगी, अशी त्याची अवस्था होती. अळी तर परवानगीची वाट पाहत नाही. फवारणी चार-पाच दिवस लांबली की शेंगेला भोक पडलेलं असतं.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित केले आणि हे चित्र पालटलं. पिवळा टापू ४५ वरून १२ किलोमीटरवर आला, तोही विमानतळाच्या कुंपणापासून मोजायचा. अर्जांचे प्रकार २५ वरून ५ झाले. २४ सप्टेंबर २०२१ ला देशाच्या आकाशाचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी व्यासपीठावर आला. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीची गरज नाही. पिवळ्यात संबंधित नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

या बदलाची खरी हुशारी उंचीच्या हिशोबात आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतचं आकाश हिरवं आहे आणि त्याच्या वरचं पिवळं. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र जमिनीपासूनच पिवळं. त्याच्या आत लाल. असं का, ते उतरणाऱ्या विमानाच्या वाटेवरून कळतं. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. म्हणजे धावपट्टीपासून ८ किलोमीटरवर ते सुमारे ४२० मीटर उंच असतं, ५ किलोमीटरवर सुमारे २६० मीटर. पण कधी विमान ठरल्यापेक्षा खालून येतं, हेलिकॉप्टर वेगळ्याच वाटेने येतं, उड्डाण करताना इंजिनाने दगा दिला तर वैमानिकाला वळायला जागा लागते. जवळच्या पट्ट्यात जमिनीपासून बंधन असतं ते याचसाठी.

आता आपल्या तुरीवरच्या ड्रोनचा विचार करा. पीक दोन मीटर, त्यावर तीन मीटर, म्हणजे सगळी मिळून उंची सोळा-सतरा फूट. २०० फुटांची मर्यादा त्याला कधीच आडवी येणार नाही. म्हणजे फवारणी करणाऱ्यासाठी पूर्वीचं ४५ किलोमीटरचं बंधन प्रत्यक्षात ८ किलोमीटरवर आलं. नांदेड शहराला लागून असलेली शिवारं सोडली तर जिल्ह्यातल्या बहुतेक रानांवरचं आकाश खालच्या उंचीवर मोकळं झालं. गेल्या काही वर्षांत शेतीसाठी घेतलेल्या निर्णयांत हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कौतुक जितकं व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ड्रोन फवारणीची प्रात्यक्षिकं असोत, किंवा नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना असो, आकाश मोकळं झालं नसतं तर यातलं बरंचसं कागदावरच राहिलं असतं. त्या योजनेत बचत गटाला ड्रोनसाठी ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान ठरलं आणि गटातल्या एका महिलेसाठी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण.

मात्र एकदा काढलेली रेघ तिथेच राहते असं नाही, आणि इथेच गफलत होते.

एक म्हणजे विमानतळ वाढताहेत. शिर्डी २०१७ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्गातला चिपी ऑक्टोबर २०२१ मध्ये, गोव्यातला मोपा जानेवारी २०२३ मध्ये. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून आणि जूनमध्ये सोलापुरातून प्रवासी विमानं उडू लागली. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच डिसेंबरात उड्डाणं सुरू झाली. नियमात शब्द आहे ‘कार्यरत विमानतळ’. म्हणजे विमानतळ कामाला लागला की त्याच्याभोवती कडी उमटतात. काल जिथे कोणालाही न विचारता आंब्यावर किंवा उसावर फवारणी केली, तिथे उद्या परवानगी लागू शकते. उलट बाजूही लक्षात ठेवावी. नांदेडला मध्यंतरी प्रवासी विमानं बंद होती, ती मार्च २०२४ अखेरीस पुन्हा सुरू झाली. लातूरला नियमित प्रवासी सेवा नाही. पण प्रवासी विमान दिसत नाही म्हणून तिथलं आकाश मोकळं आहे असं धरून चालू नये. छोटी विमानं, रुग्णवाहू विमानं, मंत्र्यांची हेलिकॉप्टरं केव्हाही येतात.

दुसरं म्हणजे नकाशाच बदलता येतो. केंद्र सरकार एखाद्या भागाचा रंग बदलू शकतं. असा बदल नकाशावर टाकल्यापासून किमान सात दिवसांनी लागू होतो. विमानांच्या जगात हेच काम २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रात चालतं. नवे नकाशे, नव्या वाटा ठरावीक तारखांना लागू होतात आणि तातडीची माहिती ‘नोटॅम’मधून मिळते. तिथल्या वैमानिकाला ती वाचायची सवय लावलेली असते. गावातल्या ड्रोन पायलटला सात दिवस मिळतात, आणि ते सुरू झाले हे सांगायला त्याच्या दारी कोणी येत नाही.

तिसरा प्रकार तात्पुरत्या बंदीचा. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी लाल करू शकतात. हा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे आणि ती नोंद डिजिटल स्कायवर यायला हवी. प्रत्यक्षात बंदी अनेकदा वेगळ्या कायद्याखाली, प्रतिबंधात्मक आदेशाने येते आणि ती नकाशावर दिसतेच असं नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले आणि मुंबईत पोलिसांनी ड्रोनवर बंदी घातली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन घिरट्या घालतात या चर्चेने गावंच्या गावं जागी राहिली होती. अशा वेळी संशयाचं पहिलं बोट दिवसा प्रामाणिकपणे फवारणी करणाऱ्या मुलाकडे वळतं. त्याच्याकडे सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक आणि त्या दिवसाच्या नकाशाचा स्क्रीनशॉट असेल तर बोलणं तिथेच संपतं.

नियमाने जबाबदारी पायलटवरच टाकली आहे. उड्डाणाआधी डिजिटल स्कायवर त्या जागेची सूचना किंवा बंधन आहे का, हे पाहणं बंधनकारक आहे. न पाहता उडवलं आणि नियमभंग झाला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हंगामभर राबून फवारणीतून मिळणारे पैसे एका दुपारीत जातील. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोनच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात शिक्षा अधिक कडक आहेत आणि ड्रोन उद्योगाने त्यावर हरकती घेतल्या. तो कायदा कसाही येवो, नकाशा पाहण्याची जबाबदारी पायलटकडेच राहील असं मला वाटतं.

माझी तक्रार जबाबदारीबद्दल नाही. ती जबाबदारी पेलायला लागणारी माहिती शेतकऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या गावात मिळत नाही, ही तक्रार आहे. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात यंत्र उडवायला शिकवतात, औषधाचं प्रमाण शिकवतात. नकाशा कसा वाचावा, रंग कधी बदलतो, पोलिसांचा आदेश कुठे पाहावा, यासाठी त्यात एक अख्खा दिवस हवा. डोंगरकुशीतल्या रानात मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा घरून निघतानाच पाहायची सवय लावायला हवी. तालुका कृषी कार्यालयाने आपल्या तालुक्याचा रंगीत नकाशा फलकावर लावला, बदल झाला की गावोगावच्या कृषी सहायकांच्या व्हॉट्सॲप गटावर मराठीत दोन ओळी टाकल्या, तर यासाठी कोणतंही वेगळं अंदाजपत्रक लागणार नाही.

आणि ज्यांच्या घरात, बचत गटात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत ड्रोन आहे त्यांना एक विनंती. परगावचं काम घेताना एकराचा भाव विचारता, तसंच ते शिवार नकाशावर कोणत्या रंगात आहे तेही त्याच वेळी पाहा. नांदेड किंवा लातूर शहराजवळचं काम असेल तर कुंपणापासूनचं अंतर मोजा. आठ किलोमीटरच्या आत असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. पोलीस ठाण्यात फोन करून काही आदेश लागू आहे का ते विचारा. आणि फवारणी चालू असताना विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज जवळ येतोय असं वाटलं तर टाकीत कितीही औषध शिल्लक असो, ड्रोन ताबडतोब खाली घ्या.