बाई रजेवर आहेत!

जूनमध्ये शाळा उघडतात. नव्या वह्यांना कव्हरे चढतात, रेनकोट बाहेर निघतो, आणि पहिल्याच आठवड्यात मूल घरी येऊन सांगते, “आमच्या बाई रजेवर आहेत!” लागलीच घरात सूर निघतो, ‘उन्हाळ्याची एवढी सुट्टी मिळूनही वर रजा कशाला?’

पण बाळंतपण किंवा आजारपण सुट्टी पाहून थोडेच येते? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्यातली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. जूनच्या मध्याला सुरू झालेली ही रजा डिसेंबरात संपते. म्हणजे दिवाळीपर्यंतचे सत्र त्यात गेलेच. आपली लेक बँकेत असली, तर तिला ही रजा पुरेपूर मिळावी असेच आपल्याला वाटते. मग बाईंनीच का ओशाळावे?

खरी गोम वेगळीच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांमागे शिक्षक दोन. त्यांतला एक रजेवर गेला की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात! मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या राहू नयेत, असे हाच कायदा बजावतो. परंतु रजेवरच्या शिक्षकाची जागा कागदावर भरलेलीच असते. वर्गात मात्र खुर्ची रिकामी!

रजा हा शिक्षकाचा हक्क. बदली शिक्षक देणे हे शाळा चालवणाऱ्यांचे कर्तव्य. तेव्हा पालकसभेत ‘बाई कधी येणार?’ असे विचारण्याऐवजी ‘तोवर शिकवणार कोण?’ असे विचारावे. मुलांचेही हित त्यातच आहे.