लाजेपायीं लपविलेलें दुखणें

पैदाशीचा वळू पारखतांना जाणता शेतकरी दांत, खूर व वशिंड पाहून थांबत नाहीं. दोन्ही वृषण भरलेले व सारखे आहेत ना, हेंही तो चाचपून पाहतो. त्यांत त्यास लाज वाटत नाहीं. मात्र घरांत वयांत आलेला मुलगा असेल, तर त्याच्या या अवयवाविषयीं बाप अक्षर बोलत नाहीं व मुलगा विचारीत नाहीं. या मौनाची किंमत काय पडते, तें आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिली गोष्ट तान्ह्या मुलाची. कांहीं मुलांचा एक वृषण जन्मतः खालीं उतरलेला नसतो. तो सहा महिन्यांत आपोआप न उतरल्यास डॉक्टरांस दाखवून साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करून घ्यावी. हयगय केली तर पुढें संततीस अडथळा येण्याचा व कर्करोगाचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट वाढत्या वयाची. मुख्यतः १२ ते १८ या वयांत वृषणास रक्त पुरविणाऱ्या दोरीस अकस्मात् पीळ पडण्याचा संभव असतो. पुष्कळदां झोपेंतच कळ उठते, ओकारी येते, वृषण सुजून वर ओढला जातो. मुलगा लाजेनें ‘पोट दुखतें’ एवढेंच सांगतो. घरचीं माणसें ओवा देतात, शेकतात आणि सकाळची वाट पाहतात. ६ तासांच्या आंत पीळ सोडविला तर वृषण बहुधा वाचतो. २४ तास लोटल्यावर तो बहुधा काढून टाकावा लागतो. आम्ही महसूल खात्यांत आयुष्य घालविलें. तेथें मुदत टळली तरी विलंब माफ करण्याचा अर्ज देतां येतो. येथें तशी सोय नाहीं. म्हणून अशा रात्रीं वाहन काढून, शस्त्रक्रियेची व्यवस्था असलेलें रुग्णालय थेट गांठावें.

तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. तींत बहुधा कळच नसते. वृषणाचा कर्करोग आपल्या देशांत विरळा खरा, पण होतो तो विशेषेंकरून १५ ते ४० या ऐन उमेदीच्या वयांत. प्रारंभीं कठीण, न दुखणारी गांठ हातास लागते, अथवा एक बाजू जड वाटते. दुखत नाहीं म्हणून तरुण ती अंगावर काढतो. प्रत्येक सूज कर्करोगाची नसते. अंडवृद्धींत पाणी सांचतें, अंतर्गळांत आंतडें उतरतें. परंतु हा निवाडा डॉक्टरांनीं सोनोग्राफी व रक्तपरीक्षा करून द्यावयाचा आहे. गांवच्या वैदूस तेथें सुई मुळींच टोंचूं देऊं नये. तेणेंकरून रोग पसरूं शकतो.

या रोगाचें नांव ऐकून धीर सोडण्याचें कारण नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनीं सिस्प्लॅटिन या औषधास अन्य औषधांची जोड देऊन उपचार आरंभिले. तेव्हांपासून पसरलेला रोगही पुष्कळांचा बरा होऊं लागला. वेळीं सांपडल्यास १०० पैकीं ९५ हून अधिक रोगी बरे होतात. एक वृषण काढला तरी दुसरा निरोगी असल्यास संसारास व संततीस सामान्यतः बाध येत नाहीं.

मुलांनीं रोज चिंतेनें चाचपत बसावें असें आम्ही म्हणत नाहीं. आपलें अंग निरोगी असतां कसें लागतें, एवढें प्रत्येकास ठाऊक असावें. ऊन पाण्यानें स्नान केल्यावर अंगठा व बोटें यांमध्यें हलकेंच फिरवून पाहिलें कीं कळतें. एक वृषण किंचित् मोठा वा खालीं असणें, व मागील बाजूस मऊ दोरीसारखा भाग लागणें, हें स्वाभाविक आहे. नवी गांठ, नवी सूज वा नवा जडपणा दिसला, तर मात्र आठवड्याच्या आंत डॉक्टर गांठावा.

हें सांगणें बापाचें कर्तव्य आहे; त्यास संकोच वाटेल तर चुलत्यानें वा थोरल्या भावानें सांगावें. तेंही न साधल्यास हा अंक या पानावर उघडून मुलाच्या हातीं द्यावा, आणि ‘कांहीं वाटलें तर मला रात्रींही उठव’ एवढें एक वाक्य बोलावें.