समुद्रशेवाळाचा गोंद आणि जिवंत पेशी

छापील कापडाचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांना सोडियम अल्जिनेट हे नाव अपरिचित नसेल. रिॲक्टिव्ह जातीचे रंग सुती कापडावर छापताना साध्या खळीशीच संयोग पावतात. अल्जिनेटशी मात्र ते तसे मिसळून जात नाहीत. म्हणून रंग दाट करण्यासाठी छपाईच्या कारखान्यांत या द्रव्यास मान आहे. ते तपकिरी समुद्रशेवाळापासून निघते. १८८१ साली स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने सोड्याच्या साह्याने ते काढण्याची रीत शोधली. आपल्याकडे मन्नारच्या आखाताच्या किनाऱ्यावर सरगॅसम व टर्बिनेरिया ही शेवाळे यासाठी गोळा केली जातात. या व्यापारी मालाने जीवशास्त्रात एक अतिशय नाजूक कामगिरी अंगावर घेतली आहे. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ही कामगिरी म्हणजे जिवंत पेशीला न मारता एका जागी बांधून ठेवणे. यीस्टचे उदाहरण घेऊ. यीस्टच्या पेशी साखरेपासून मद्यार्क तयार करतात, परंतु द्रव काढून घेताना त्याही त्याबरोबर वाहून जातात. त्या अडवून ठेवता आल्या तर तेच भांडवल पुन्हा पुन्हा फिरवता येईल. मात्र उष्णतेने किंवा तीव्र रसायनाने बांधू गेल्यास पेशी मरतात. अल्जिनेट थंड पाण्यातच गोठते, हा त्याचा मोठा गुण.

कृती सोपी आहे. अल्जिनेटच्या सुमारे २ टक्के द्रावणात यीस्ट कालवावे आणि पिचकारीतून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडावेत. थेंब पडताच त्याची मऊ गोळी बनते. असे का होते? अल्जिनेटचे रेणू लांब साखळीसारखे असून त्यांत मॅन्युरॉनिक व ग्युल्युरॉनिक अशी दोन आम्ले ओवलेली असतात. ग्युल्युरॉनिक आम्ल जेथे सलग येते तेथे खळगे पडतात. त्यांत कॅल्शियमचे कण बसून शेजारच्या दोन साखळ्यांना जखडतात. १९७३ साली संशोधकांनी या रचनेस अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. या जाळीतून साखर आत जाते व मद्यार्क बाहेर येतो. आकाराने मोठी असलेली पेशी मात्र आतच राहते.

याच जाळीने मधुमेहाच्या संशोधकांना आशा दाखविली. मधुमेहाच्या एका प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. दुसऱ्याच्या पेशी आणून घातल्या तरी त्यांचीही तीच गत होते. ती टाळावयाची तर संरक्षक यंत्रणा दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात. १९८० साली लिम व सन यांनी अशा पेशी अल्जिनेटच्या गोळ्यांत ठेवून त्यांवर पॉलिलायसिनचे पातळ आवरण चढविले आणि त्या मधुमेही उंदरांच्या पोटात सोडल्या. साखर व इन्सुलिन यांची ये-जा चालू राहिली, हल्लेखोर पेशींना मात्र मज्जाव झाला. सुमारे २ ते ३ आठवडे त्या उंदरांची रक्तशर्करा ताब्यात राहिली.

तथापि या उपायाच्या अडचणीही ध्यानात घ्यावयास हव्यात. फॉस्फेट व सायट्रेट ही द्रव्ये कॅल्शियम ओढून घेतात आणि गोळी सैल पडते. गोळी मोठी असल्यास तिच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. शिवाय शरीर तिच्याभोवती तंतूंचे जाड वेष्टन घालते व आतील पेशींची उपासमार होते. त्यामुळे हा अजून नित्याचा उपचार झालेला नाही. समुद्रशेवाळ खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, असा तर याचा अर्थ मुळीच नव्हे. तेव्हा अशा वार्ता वाचून कोणा मधुमेही बंधुभगिनीने आपले इन्सुलिन सोडू नये. संशोधकांचे यत्न चालू आहेत. ते सफल होईतो वैद्याचा सल्ला हाच आधार मानावा, हे उचित.