जिल्हा पोलीस दल
जिल्हा पोलीस दल : महसुली जिल्ह्याच्या हद्दीत शांतता व सुव्यवस्था राखणे, गुन्ह्यांना प्रतिबंध करणे आणि घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करणे, यांसाठी पोलीस अधीक्षकाच्या हुकमतीखाली असलेले राज्य पोलिसांचे घटक दल. त्याची रचना व मनुष्यबळाची वाटणी येथे यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विशद केली आहे.

अमेरिकेतील काउंटीचा शेरीफ बहुधा लोकनिर्वाचित असतो आणि गस्त, तपास, तुरुंग व न्यायालयीन हुकुमांची बजावणी ही कामे पुष्कळ ठिकाणी त्याच्याच कचेरीत एकवटलेली असतात. भारतात ती विभागली आहेत. दिवाणी हुकूमनाम्यांची बजावणी न्यायालयाचे नाझर व बेलिफ करतात. कारागृहांचे खाते स्वतंत्र आहे. फौजदारी समन्स व वॉरंट तेवढे पोलिसांकडे येतात. मुंबईचे नगरपाल हे पद नावाने शेरीफचे असले, तरी केवळ मानाचे होय.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आला. त्यातील वणी जिल्ह्यास १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने घालून दिलेली अधीक्षकप्रधान चौकट पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही कायम राहिली. हाच अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्यानुसार जिल्ह्यातील दल अधीक्षकाच्या हाती असले, तरी ते जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असते. खात्यांतर्गत दृष्ट्या यवतमाळचा अधीक्षक अमरावती परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकास जबाबदार असतो.

अधीक्षकाच्या मदतीस अपर पोलीस अधीक्षक असतो. जिल्ह्याचे उपविभाग पाडलेले असून वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद इ. ठिकाणी उपविभागीय पोलीस अधिकारी असतात. मुख्यालयात राखीव पोलीस निरीक्षकाकडे कवायत, शस्त्रागार, कैदी-पहारा व बंदोबस्ताची कुमक सोपविलेली असते. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी स्थानिक गुन्हे शाखा, गोपनीय माहितीसाठी जिल्हा विशेष शाखा, तसेच नियंत्रण कक्ष, वाहतूक, बिनतारी संदेश, मोटार परिवहन व श्वानपथक हे विभाग असतात. अलीकडे सायबर गुन्ह्यांच्या शाखेची भर पडली आहे.

दलाचा खरा घटक पोलीस ठाणे हा होय. त्याच्या प्रमुखास विदर्भात ठाणेदार म्हणतात. मोठ्या ठाण्यावर तो निरीक्षक, तर लहान ठाण्यावर सहायक निरीक्षक दर्जाचा असतो. फिर्याद घेणे व ठाणे दैनंदिनी लिहिणे हे काम ठाणे अंमलदाराचे. दप्तर मोहरराकडे असते. ठाण्याची हद्द बीटांत विभागून प्रत्येक बीट एका जमादाराकडे व त्याच्या शिपायांकडे दिलेले असते. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक अशी चढती श्रेणी आहे. शिपाई व हवालदार यांमधील पोलीस नाईक हे पद २०२२ मध्ये रद्द झाले.

शिपायाची भरती जिल्हा पातळीवर होते व त्याची बहुतेक नोकरी जिल्ह्यातच जाते. अधिकारी मात्र फिरते असतात. अधिनियमातील अलीकडच्या दुरुस्तीप्रमाणे उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा सर्वसाधारण कार्यकाल एका ठाण्यात दोन व एका जिल्ह्यात चार वर्षे आहे. उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांचा एका ठिकाणी दोन वर्षे. शिपाईवर्गास एका ठिकाणी पाच वर्षे मिळतात. परिणामी मुलखाची ओळख खालच्या श्रेणीत साठते, निर्णयाचा अधिकार वरच्या श्रेणीत राहतो. पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांडे, झरी-जामणी व मारेगावकडील कोलाम पोड, पैनगंगेच्या काठची तेलुगू बोलणारी गावे येथे गोरमाटी, कोलामी वा तेलुगू जाणणारा जमादार नसेल, तर साक्षीदाराचा जबाब दुभाष्याच्या मराठीत उतरतो, ही बाब लहान नव्हे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८० चौ. किमी., तालुके सोळा व २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. केवळ लोकसंख्येवरून बळ ठरविल्यास अशा विरळ व वनाच्छादित मुलखावर अन्याय होतो. वणी भागातील कोळशाची वाहतूक, पांढरकवड्यावरून तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि बिटरगावसारख्या ठाण्यांच्या हद्दीतील पैनगंगेचे जंगल यांची गरज परस्परांहून अगदी भिन्न आहे.

बीटाच्या कामाचा एक भाग येथे विशेष महत्त्वाचा आहे. अकस्मात मृत्यूची (प्रचारात 'मर्ग') चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होई. जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होते. शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या या जिल्ह्यात तिचा पंचनामा हा केवळ पोलिसी कागद राहत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती कुटुंबास साहाय्य द्यावे किंवा कसे हे ठरविताना तो पाहते. मृत्यूचे कारण ऐकीव माहितीवर, एका ओळीत नोंदले गेले, तर त्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो. २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हाही पहिली नोंद मर्गाचीच होती. कैदी पोहोचविणे, समन्स बजावणे आणि सणांचा बंदोबस्त यांतून उरलेल्या वेळात जमादार ही चौकशी करतो.

गावातील त्याचा आधार म्हणजे पोलीस पाटील. वऱ्हाडात पाटीलकी वंशपरंपरेने चाले. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद नेमणुकीचे झाले. गुन्ह्याची व संशयास्पद मृत्यूची वर्दी ठाण्यास देणे हे त्याचे कर्तव्य. परंतु त्याची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे महसूल शाखेचा अधिकारी करतो. त्यामुळे ठाणेदार ज्याच्या माहितीवर अवलंबून असतो, तो दलाच्या हजेरीपटावर नसतो.