शेवटच्या ताटाचा आजार

दोन महिन्यांपूर्वी पस्तिशीची एक बाई सासूबरोबर दवाखान्यात आली. चार पावले चालली की धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, शक्तीचं एखादं इंजेक्शन द्या. सारं घर हिच्यावर आहे." रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅम. ते किमान बारा हवे.

मी विचारले, "ताई, काल रात्री काय जेवलात?"

"भाकरी आन् चटणी."

"भाजी नव्हती?"

"मेथी केली होती. मला पुरली नाही."

घरात सर्वांना पुरली, करणारीला पुरली नाही. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमचंही असंच गेलं की." त्यांची पापणी ओढून पाहिली. तीही पांढरीफटक!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरापैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ जणांना. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. पाळी, बाळंतपणे, जंत ही कारणे आहेतच. पण शेवटचे ताट हेही एक कारण आहे, आणि ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही.

'सामाजिक न्याय' हा शब्द आपण भाषणांत ऐकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता उरेल. सासू-सुनेच्या मताची किंमत घरातल्या पुरुषाइतकीच. ताट मात्र सारखे नाही.

आणि सारखे वाढले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. म्हणजे भाजीची मोठी वाटी तिचीच! ज्याची गरज अधिक त्याला अधिक, हाच सामाजिक न्यायाचा अर्थ.

खरे सांगायचे तर मीही पंचवीस वर्षे नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. "जेवायला शेवटी कोण बसतं?" हे विचारलेच नाही. माझ्या घरीही दवाखाना मिटून मी जेवल्यावरच पत्नी पान घेत असे. आता दोघे बरोबर बसतो.

वाचकहो, एवढे करा. भाजी-डाळ आधी सर्वांच्या वाट्यांत वाढा, मगच जेवायला बसा. पालेभाजी, मटकी, तीळ आहारात ठेवा. वर लिंबू पिळा. जेवणानंतर तासभर चहा नको. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या; सरकारी आरोग्य केंद्रातही त्या मिळतात. शौचास काळे झाले तर घाबरून गोळी बंद करू नका. धाप लागत असेल, पाळीत जास्त रक्त जात असेल, किंवा पाळी गेलेल्या बाईचे रक्त कमी असेल, तर कारण शोधायलाच हवे.

परवा दोघी पुन्हा आल्या. सुनेचे हिमोग्लोबिन दहावर गेले होते. सासूबाईंनीही तपासणी करून औषध सुरू केले आहे. मी विचारले, "आता भाजी पुरते का?"

सासूबाई हसल्या. "पुरते. पण लेक कुरकुरतो, वाटी लहान झाली म्हणून."

"कुरकुरू द्या," मी म्हटले. "आता वाटी बरोबर झाली."